मदत हवी आहे: होस्टिंग बदललं, ईमेल बंद पडला

घोडबंदरकर: काल रात्री माझी भटकंतीची साइट नव्या होस्टिंगवर नेली. मला नवीन दिसते, आईच्या मोबाइलवर अजून जुनीच. सकाळपासून एकही ईमेल नाही. जुन्या होस्टिंगची मुदत उद्या संपते, पुन्हा पैसे भरायचे नाहीत. लवकर सांगा.

नेरूळनाना: डोमेन कोणतं? ईमेल कोणाकडे? नक्की काय बदललंस?

घोडबंदरकर: डोमेन होतं तिथेच आहे. ईमेल नेहमीचाच.

नेरूळनाना: नेहमीचा म्हणजे कोणता, बाबा? आम्ही काय तुझ्या घरी राहतो?

येऊरी: साइट चालवणारं वर्डप्रेस काढून टाक. साध्या एचटीएमएल फाइली गिटहब पेजेस या होस्टिंगवर ठेव, फुकटात काम.

कळवेकर: आणि साध्या फाइलींत कॉमेंट कुठे घ्यायच्या? कुठलाही धागा असो, तुमचं गिटहब आहेच.

येऊरी: वर्षाला तीन कॉमेंट येतात, त्यातल्या दोन औषधांच्या जाहिराती.

तलावपाळी: नवीन घेतलेलं डॉट कॉम डोमेन ६० दिवस दुसऱ्या कंपनीकडे ट्रान्सफर होत नाही हं.

कळवेकर: तो होस्टिंग, म्हणजे साइटची जागा हलवतोय; डोमेन, म्हणजे साइटचं नाव नाही!

वाशीची_मीनल: मराठीसाठी मुक्त फॉन्ट वापरा, जोडाक्षरं छान दिसतात. बाकी पावसात येऊरला गाड्या सोडतात का?

घोडबंदरकर: डॉट कॉम आहे. ईमेल गूगलचा, पण माझ्या डोमेनच्या नावाने. नव्या होस्टिंगवाल्यांनी सांगितले ते नेमसर्व्हर टाकले. त्याचा काही संबंध आहे का?

नेरूळनाना: अरे, सगळा संबंध तिथेच आहे! नेमसर्व्हर म्हणजे डोमेनच्या नोंदी सांगणारे सर्व्हर; ते बदलले की सगळ्या नोंदी नव्या होस्टिंगच्या पॅनेलमधून वाचल्या जातात. तुझी गूगलची एमएक्स नोंद, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचा ते सांगणारी, जुन्या पॅनेलमध्येच राहिली असणार. नव्याची एमएक्स बहुतेक त्यांच्याच सर्व्हरकडे जाते आणि तिथे तुझ्या नावाची पेटीच नाही, म्हणून पत्रं परत जातायत. जुन्यातून एमएक्स आणि एसपीएफची टीएक्सटी नोंद (तुझ्या नावाने मेल कोण पाठवू शकतो ते सांगणारी) जशीच्या तशी उचल. नुसती साइट हलवायची होती तर ए रेकॉर्ड, म्हणजे साइटचा सर्व्हर सांगणारी नोंद, बदलून भागलं असतं.
आईच्या मोबाइलचं म्हणशील तर डॉट कॉमच्या नेमसर्व्हरची नोंद १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस जुनीच साठवलेली राहू शकते. तोवर जुनं बंद झालं तर तिला काहीच दिसणार नाही. एक महिना वाढवून घे.

घोडबंदरकर: म्हणजे पैसे भरायचेच?

कळवेकर: मामलेदारची मिसळ एकदा कमी खा.

घोडबंदरकर: नाना, एमएक्स टाकली. पहिला मेल आला! जुन्या होस्टिंगचाच, मुदत संपतेय म्हणून. पण आता फोटो दिसत नाहीत.

नेरूळनाना: कुठले फोटो? कुठे ठेवले होतेस? आणि एसपीएफ टाकलीस का?