एलियन खरंच हायत का? आन् आले तं?

जागल्या_वऱ्हाडी: काल हरभऱ्यात रानडुकरांसाठी जागलीले होतो, मचाणावर पडल्या पडल्या आभाय पायत होतो तं वाटलं एवढ्या चांदण्यात कोनीच नसन कसं? आन् आपन त्यायले हाका मारतो, हे बरं हाय का बाप्पा?

लोणारचा_पोट्टा: हाक मारून झाली भाऊ. १९७४ ले अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून एम १३ तारकागुच्छाकडे मेसेज धाडला, तो गुच्छ अंदाजे २५,००० प्रकाशवर्षं दूर, म्हंजे जाऊन उत्तर यायले ५०,००० वर्षं, तवरोक तुया हरभरा निघून जाईन 😀 आमच्या इकडं तं आभायातला दगड न विचारता आला होता.

रिटायर_मास्तर: हसू नका रे. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगनं २०१० मध्ये म्हटलंच होतं, एलियन आले तर कोलंबससारखं होईल, तो अमेरिकेत उतरला ते तिथल्या मूळ लोकांना काही मानवलं नाही. पण मला यानापेक्षा जंतूंची भीती जास्त, मंगळावर नाहीतर गुरूच्या युरोपा नावाच्या चंद्रावर सापडले तर तेच आधी सापडतील. अपोलो ११ वाल्यांना चंद्रावरून आल्यावर उगाच नाही वेगळं कोंडून ठेवलं.

जागल्या_वऱ्हाडी: म्हंजे पावना डोयाले दिसनारच नाई? मंग डुकरंच बरे, बॅटरी मारली का पयतात तरी.