सुपरमार्केटचं पेट्रोल आणि कंपनीच्या पंपाचं पेट्रोल : तुमचा अनुभव काय?

रेडिंगची_राधा :
आमच्या घरी यावरून इतक्यांदा वाजलंय की शेवटी धागाच काढते. इथे यूकेत टेस्को, सेन्सबरीज, आस्डा, मॉरिसन्स सगळ्यांच्या मोठ्या दुकानांना लागून पंप असतात, किराणा घेतला की जाता जाता टाकी भरायची, लिटरमागे काही पेन्स स्वस्त आणि वर कार्डावर पॉइंट. नवरा म्हणतो ते पेट्रोल पातळ असतं, इंजिनाची वाट लागते, भरायचं तर शेल नाहीतर बीपी. पातळ म्हणजे नेमकं काय विचारलं तर म्हणे सगळे म्हणतात. सगळे म्हणजे ऑफिसातला एक गोरा आणि डोंबिवलीचा मामेभाऊ.
तर मंडळी, स्वतःच्या गाडीचा अनुभव लिहा. गाडी कुठली, कुठे भरता, फरक पडला तर कशात पडला. भारतातल्यांनी पण लिहा, तिकडे वाण्याचा पंप नसला तरी "अमक्याच पंपावर भर" हे माझे बाबा पण सांगतात. फॉरवर्ड चिकटवू नका प्लीज.

बिनकामाचा_इंजिनियर :
गाडीचा नाही, टँकरचा अनुभव सांगतो चालेल ना. मी इथे एका फ्युएल टर्मिनलवर मीटर आणि व्हॉल्व्हच्या मेंटेनन्सला होतो. टर्मिनलमध्ये मोठमोठ्या टाक्या, त्यातली साध्या पेट्रोलची टाकी सगळ्यांना सामाईक. सुपरमार्केटचा टँकर येतो, त्याच्या मागे मोठ्या ब्रँडचा उभा असतो, दोघं त्याच बे मध्ये (भरायच्या जागेत) तीच लोडिंग आर्म (भरायचा नळ) लावून भरतात. ड्रायव्हर कार्ड घालतो, कुठल्या कप्प्यात किती ते टाकतो, आणि ज्याचं खातं त्याप्रमाणे शेजारचा छोटा इंजेक्टर चालू होतो. त्यातून ज्या त्या ब्रँडचं अ‍ॅडिटिव्ह (इंजिन साफ ठेवणारं रसायन) वाहत्या पेट्रोलमध्ये थोडं थोडं सोडलं जातं. टक टक आवाज येतो त्या पंपाचा, तो थांबला की आम्ही धावायचो कारण डोस चुकला तर लोड रिजेक्ट. तुमच्या टाकीत जे जातं त्यातला "ब्रँड" म्हणजे तेवढा टकटकाट.
बाकी पेट्रोलला बीएस ईएन २२८ हे स्टँडर्ड आहे, ते न पाळता इथे विकताच येत नाही, वाण्यानेही नाही आणि शेलनेही नाही. आता अ‍ॅडिटिव्ह कोण किती आणि कसलं घालतं हे मात्र कोणी छापत नाही, तिथे खरा फरक असू शकतो.

रेडिंगची_राधा :
म्हणजे पातळ नाही! आज जेवताना वाचून दाखवणार.

एसेक्सचा_आण्णा :
थांबा, इतक्यात नका दाखवू, २००७ चं ऐका. फेब्रुवारीचे शेवटचे दिवस, माझी तेव्हा सेकंडहँड हॅचबॅक होती. सकाळी नेहमीच्या सुपरमार्केटात भरली (नाव नाही सांगत), संध्याकाळी परत येताना गाडी उचक्या द्यायला लागली आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा. गॅरेजमध्ये नेली तर तिथे आधीच रांग, सगळ्यांचं तेच, लॅम्डा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) गेलेला. आठवड्याभरात सगळ्या साउथ-ईस्ट इंग्लंडात बोंब झाली. निघालं काय तर पेट्रोलमध्ये सिलिकॉन! इथल्याच एका साठवणीच्या टर्मिनलमधून तो माल बाहेर गेला होता. सेन्सरवर त्याचा पांढरा थर बसायचा की संपला सेन्सर. मेकॅनिकने काढून माझ्या हातावर ठेवला होता, टोकाला खडूची पूड लागल्यासारखं दिसत होतं.
बऱ्याच जणांना नंतर भरपाई मिळाली, मला पण पावती होती म्हणून मिळाली. तेव्हापासून पेट्रोलची पावती फेकत नाही, बायको हसते.
पण खरं सांगायचं तर यात सुपरमार्केट म्हणून काही नव्हतं, त्या टर्मिनलवरून ज्यांना ज्यांना माल गेला त्यांची त्यांची गिऱ्हाईकं अडकली. सुपरमार्केटं जास्त होती म्हणून नाव त्यांचं झालं आणि "स्वस्त पेट्रोल वाईट" हे लोकांच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. राधाताई, तुमच्या मिस्टरांच्या ऑफिसातल्या गोऱ्याचं वय विचारा, बहुतेक तेव्हाचाच असणार.

टर्बोतात्या :
आण्णा, भारी आठवण. माझा मुद्दा वेगळा. लोक ब्रँड आणि ग्रेड यात घोळ घालतात. मी आधी साधं भरायचो, मग "ब्रँडेड" वर गेलो आणि गाडी मस्त पळायला लागली म्हणून सांगत सुटलेले इथे बरेच भेटतात. अरे बाबा तू साध्यावरून प्रीमियमवर गेलास! साधं म्हणजे ९५ ऑक्टेन (दाबाखाली वेळेआधी न पेटण्याची ताकद), ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल). प्रीमियम म्हणजे ९७ किंवा वर, आणि ते अजून ई५ (पाच टक्क्यांपर्यंत) आहे. तुलना करायची तर साध्याशी साधं करा. आणि गंमत बघा, टेस्कोचं मोमेंटम ९९ हे सुपरमार्केटचंच, ऑक्टेन ९९, शेल व्ही-पॉवरचंही ९९. मग आता कोण वाणी आणि कोण कंपनी?
माझ्या गाडीच्या पेट्रोलच्या झाकणामागेच लिहिलंय ९८ रेकमेंडेड. टर्बो आहे, कॉम्प्रेशन जास्त, ९५ घातलं तर नॉक सेन्सर (इंजिनातली ठोकठोक ओळखणारा) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि चढावर फरक कळतो. तोही उन्हाळ्यात जास्त. बायकोच्या साध्या एक लिटरच्या गाडीत ९९ घालून पाहिलं, काडीचा फरक नाही. तिथे ते पैसे नुसते जाळायचे.

मिल्टनकीन्सची_मावशी :
आम्ही ज्या पंपावरचा संडास स्वच्छ तिथे भरतो. इतक्या वर्षांत एकही गाडी रस्त्यात बंद पडली नाही.

रेडिंगची_राधा :
मावशी, हा निकष सर्वात पटला.

सायबाच्या_देशात :
ई१० चा विषय निघालाच आहे तर, सप्टेंबर २०२१ मध्ये इथे साधं पेट्रोल ई५ चं ई१० झालं. सरकारने तेव्हाच सांगितलं होतं की मायलेज साधारण १ टक्का कमी होईल. नेमकं त्याच सुमारास मी घर बदललं आणि सुपरमार्केटच्या पंपावर भरायला लागलो, मायलेज जरा उतरलं तर दोष दिला वाण्याला. आता त्यात ई१० किती, नवीन घराजवळचे सिग्नल किती आणि आलेली थंडी किती, कसं वेगळं काढणार? थंडीत छोट्या छोट्या फेऱ्या झाल्या की इंजिन गरम व्हायच्या आत ऑफिस येतं. पंपाचा फरक मोजायचा असेल तर एकच रस्ता, एकच ऋतू, टायरमध्ये हवा तेवढीच आणि टाकी फुल ते टाकी फुल असा हिशोब पाहिजे. एवढं कोणी करत नाही, मीही करणार नाही, पेन्स वाचतात तेवढे बस.
अवांतर : सुपरमार्केट स्वस्त असतं हेही पूर्वीइतकं खरं राहिलं नाही. २०२३ मध्ये इथल्या सीएमएने (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) चौकशी केली त्यात निघालं की २०१९ ते २०२२ मध्ये सुपरमार्केटांनी आपलं मार्जिन लिटरमागे ६ पेन्सने वाढवलं होतं. मोटरवेवरच्या पंपांबद्दल तर बोलायलाच नको, तिथे दरोडाच.

न्यूजर्सीचा_बाब्या :
अमेरिकेतून हजेरी. इकडे कॉस्टकोच्या पंपावर शनिवारी एवढी रांग असते की निम्मे देशी लोक तिथेच भेटतात. कॉस्टकोचं पेट्रोल "टॉप टियर" आहे. म्हणजे असं, सरकारने अ‍ॅडिटिव्हचं किमान प्रमाण ठरवून दिलंय पण ते गाड्यांच्या कंपन्यांना फारच कमी वाटलं, म्हणून २००४ मध्ये होंडा, टोयोटा, जीएम, बीएमडब्ल्यू यांनी मिळून त्याहून कडक मानक काढलं. पुढे २०१६ मध्ये ट्रिपल ए ने (इथली वाहनचालकांची संघटना) चाचणी केली, टॉप टियर नसलेलं पेट्रोल वापरलेल्या इंजिनात ४,००० मैलांनंतर सरासरी १९ पट जास्त काजळी सापडली. आणि इथे दुकानवाला कॉस्टको त्या यादीत आहे पण कोपऱ्यावरचे कित्येक पंप नाहीत. मी पूर्वी कोपऱ्यावरच्याकडे भरायचो, सकाळी स्टार्ट करताना गाडी थरथरायची. इंजेक्टर क्लीनरची बाटली घातली आणि कॉस्टको धरलं, थरथर गेली. बाटलीने गेली का कॉस्टकोने, देव जाणे.

टर्बोतात्या :
@बाब्या, डायरेक्ट इंजेक्शनची गाडी असेल तर अजून एक मेख. त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, इनटेक व्हॉल्व्हवरून (हवा आत सोडणाऱ्या झडपेवरून) वाहतच नाही. त्यामुळे व्हॉल्व्हवर बसलेली काजळी कितीही महाग अ‍ॅडिटिव्हने धुतली जात नाही. इंजेक्टरचं तोंड साफ राहतं तेवढंच.

सातारी_गॅरेजवाला :
तुमचं सगळं वाचलं, लई भारी, पण हिकडची कथा न्यारी. मला पावसाळ्यात महिन्याला दोन-तीन गाड्या तरी येतात, स्टार्टच होत नाहीत, गिऱ्हाईक म्हणतं काल तर टाकी फुल केली. पहिलं काम काय करतो, टाकीतलं पेट्रोल पाण्याच्या पारदर्शक बाटलीत काढतो आणि बाटली खिडकीत ठेवतो. पाच मिनिटांत दोन थर. वर पिवळसर पेट्रोल, खाली थोडं गढूळ पाणी, मधी रेघ सरळ. गिऱ्हाईक बघतच राहतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली बसतं. पूर्वी जरा पाणी गेलं तर खाली थेंब दिसायचे, आता पाण्यात इथेनॉल मिसळून तळाला थर वाढतो आणि गाडी नेमकं तळातलंच ओढते. पंपाची जमिनीतली टाकी जुनी असली, वरच्या झाकणातून पाऊस झिरपला की खेळ खल्लास. ह्याच्यात कंपनी कुठली हे बघू नका, पंप कुठला ते बघा. मी स्वतः ज्या पंपावर गर्दी जास्त तिथंच भरतो, माल पडून राहत नाही.

डोंबिवली_फास्ट_लोकल :
आणि ई२० चं काय? माझी २०१६ ची गाडी, शहरात मायलेज सरळ खाली आलंय. पंप बदलून पाहिले, तिन्ही सरकारी कंपन्या झाल्या, शेल झालं, सगळीकडे तेच.

सातारी_गॅरेजवाला :
पंप बदलून काय होणार दादा, साधं पेट्रोल आता सगळीकडं ई२०. इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जाच पेट्रोलच्या दोन तृतीयांश. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच होतं, ई१० ला सेट केलेल्या जुन्या चारचाकीचं मायलेज ६ ते ७ टक्के उतरतं, दुचाकीचं ३ ते ४ टक्के. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या ई२० साठीच बनलेल्या आहेत, त्यांचा त्रास कमी. तुमच्या गाडीचे रबरी पाइप आणि ओ-रिंग एकदा तपासून घ्या, ते महत्त्वाचं.

पंपवाल्याचं_पोरगं :
आता आमची पण बाजू ऐका. नाशिक जिल्ह्यात वडलांची डीलरशिप आहे. आमचा माल मनमाडजवळ पानेवाडीवरून येतो, तिथे तिन्ही सरकारी कंपन्यांचे डेपो शेजारी शेजारी, आणि कंपन्या एकमेकींकडून माल उचलतात हे काही गुपित नाही. म्हणजे वरच्या इंजिनियर साहेबांनी इंग्लंडचं लिहिलं तेच इकडे. "अमक्या कंपनीचं पेट्रोल चांगलं" असं कोणी म्हणालं की मी हसून हो म्हणतो, गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.
भेसळ नव्हती का, तर होती की. रेशनचं निळं रॉकेल स्वस्त होतं तेव्हा तो मोठा धंदा होता. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना याच मनमाडजवळ भेसळ करणाऱ्यांनी दिवसाढवळ्या जाळून मारलं. मी तेव्हा शाळेत होतो, वडील दोन दिवस जेवले नव्हते. आता अनुदानाचं रॉकेल जवळपास संपलं, त्यामुळे तो फायदाच राहिला नाही. हल्ली लबाडी झाली तर मापात होते. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी धाडी घातल्या तेव्हा मशीनमध्ये बसवलेल्या चिपा निघाल्या होत्या ते आठवत असेल.
तुम्ही काय करू शकता ते सांगतो, लाजू नका. पंपावर ५ लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप असतं, मागा, त्यात भरून दाखवायला लागतं, २५ मिलीपर्यंत इकडेतिकडे चालतं, त्याहून कमी आलं तर वैधमापनकडे (वजनमापे खातं) तक्रार. फिल्टर पेपर मागा, नोझलचं तोंड पुसून एक थेंब टाका, पेट्रोल उडून गेल्यावर डाग राहिला तर गडबड आहे. आणि घनता. रोज सकाळी आम्ही काचेच्या जारमध्ये हायड्रोमीटर आणि थर्मामीटर बुडवून मोजतो, १५ अंशाला किती होईल ते तक्त्यावरून काढतो आणि टँकरच्या चलनावरच्या आकड्याशी जुळवतो. घनमीटरमागे ३ किलोपेक्षा जास्त फरक आला तर तो माल विकायचा नाही. रात्रभर पाऊस झाला असला की सगळ्यात आधी वडील डिप रॉडला (मोजपट्टीला) पाणी ओळखणारी पेस्ट लावून टाकीत सोडतात, पेस्टचा रंग बदलला की नोझल बंद, मग बाहेर रांग लागो नाहीतर आमदार येवो.

बांद्याचो_झील :
आमचा निकष सोपा. बांद्याहून पत्रादेवी ओलांडली की गोवा, लिटरमागे काही रुपये कमी. क्वालिटी? ज्या दिवशी गोव्यात महाग होईल त्या दिवशी विचार करू.

रेडिंगची_राधा :
नवऱ्याने सगळा धागा वाचला. आता म्हणतो की मुद्दा पेट्रोलचा नव्हताच, त्याला सुपरमार्केटच्या रांगेत उभं राहायचा कंटाळा येतो! तसं आधी सांगितलं असतं तर. बरं, पंपवाल्या दादा, एक शंका. टँकर खाली होत असताना भरू नये, तळातला गाळ वर येतो म्हणतात, खरं का?

पंपवाल्याचं_पोरगं :
ताई, आमच्याकडे ज्या टाकीत टँकर उतरतोय त्या टाकीचं नोझल तेवढा वेळ बंदच ठेवतात. मशीनमध्ये फिल्टर असतो त्यामुळे गाळ सहसा तुमच्यापर्यंत येत नाही, पण कुठे उतरवत असताना विकत असतील तर थोडं थांबा नाहीतर पुढच्या पंपावर जा. इंग्लंडात काय पद्धत ते इंजिनियर साहेब सांगतील.

बिनकामाचा_इंजिनियर :
इथे बऱ्याच ठिकाणी टँकर उतरत असतानाही विक्री चालू असते. फिल्टर इथेही असतोच, पण मी स्वतः असलो तर दुकानात जाऊन कॉफी घेतो, टँकर गेल्यावर भरतो.