सोसायटी ग्रुप : चॅटानूगाचा लोखंडी पूल

देशपांडे काका (बी-४) : राम राम मंडळी. २०२२ ला पोराकडं अमेरिकेत चॅटानूगाला गेलो होतो, तेव्हाचे फोटो आज सापडले. हा निळा लोखंडी पूल म्हणजे टेनेसी नदीवरचा वॉलनट स्ट्रीट ब्रिज. १८९१ चा, लांबी २,३७६ फूट. वर एकही गाडी नाही, नुसती पायी चालणारी माणसं. महिनाभर रोज सकाळी त्या लाकडी फळ्यांवरून फिरलो.

संगीता जाधव (ए-२) : काय सांगायलात काका! एवढा जुना, अजून टिकला कसा?

देशपांडे काका : जिनिंगच्या शेडला वर लोखंडी कैच्या असतात ना, तसंच काम. फक्त इथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या. त्रिकोणात भार वाटला जातो, काही दांड्या ओढ घेतात, काही दाब. पण खरं वाचवला लोकांनीच. १९७८ ला गाड्यांना बंद झाला, पाडायचं घाटत होतं. गावानं हट्ट धरला आणि पाडण्यासाठीचा पैसा दुरुस्तीला वळवून घेतला. १९९३ ला चालणाऱ्यांसाठी उघडला.

इम्रान (सी-१) : काका, आपल्या संभाजीनगरच्या खाम नदीवर महमूद, मकाई, बारापुल्ला असे तीन दरवाजे अन् त्यांचे पूल. किती वर्षं त्या कमानींतून गाड्या घासून नेल्या आपण. बघून जीव तुटतो.

कुलकर्णी ताई (बी-१) : काका, त्याच पुलावर माणसं फासावर दिली होती ना?

देशपांडे काका : हो ताई. ते लिहायला हात उचलत नव्हता. १८९३ ला आल्फ्रेड ब्लाउंट, १९०६ ला एड जॉन्सन. दोघंही कृष्णवर्णीय. जॉन्सनची फाशी सर्वोच्च न्यायालयानं थांबवली होती, तरी जमावानं त्याला तुरुंगातून ओढत आणून या पुलावर लटकवलं. पुढं न्यायालयानं शेरीफवर, म्हणजे कैद्याला सांभाळायची जबाबदारी असलेल्या तिथल्या पोलीस प्रमुखावर, स्वतः खटला चालवून १९०९ ला त्याला दोषी धरलं. जॉन्सनची शिक्षा मात्र रद्द झाली ती २००० साली. पुलाच्या दक्षिण टोकाला आता त्याचं स्मारक आहे. पहिल्या दिवशी मी तिथूनच मागं फिरलो, पुढं पाय निघेना.

संगीता जाधव : वाचून अंगावर काटा आला.

इम्रान : रविवारी महमूद दरवाजापर्यंत पायी जाऊ. पोरांनाही नेऊ.

कुलकर्णी ताई : मी येते. सहाला गेटवर.