देशाचं कर्ज माफ करा म्हणणं हा न्याय कसा, वडलांना कसं सांगू?

अंबडकर_पोरगा
नमस्कार. मागच्या रविवारी पाळक साहेबांनी बायबलमधलं लेवीय 25 वाचलं, योबेल वर्षाचं, पन्नासाव्या वर्षी ज्याची जमीन गेली त्याला परत द्यायची, गुलाम मोकळा करायचा. म्हणले याच वचनावरून आफ्रिकेतल्या देशांचं कर्ज माफ व्हावं म्हणून जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्या रस्त्यावर उतरल्या होत्या. तरुण संघात मला यावर बोलायचंय. पण वडील म्हणतात घेतलं तर फेडायचं, त्यात देवाला कशाला आणता. 2012 च्या दुष्काळात आमची मोसंबी वाळली तेव्हाचं कर्ज त्यांनी दोन म्हशी विकून फेडलंय, त्यांच्यापुढं काय बोलणार मी?

गोदाकाठ
वडलांना आफ्रिकेतल्या झांबिया देशाच्या ट्रॅक्टरची गोष्ट सांग. 1979 ला झांबियाने रोमानियाकडून ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रं उधारीवर घेतली, पुढं तांब्याचे भाव पडले आणि त्यांचं सगळं तांब्यावरच, मग फेडणार कुठून. 1999 ला एका खासगी कंपनीने ते कर्जाचे कागद साधारण 33 लाख डॉलरला विकत घेतले आणि लंडनच्या कोर्टात मागितले किती, तर साडेपाच कोटी! 2007 ला कोर्टाने दीड कोटीच्या वर द्यायला लावले. ज्याने एक रुपया उसना दिला नाही तो वसुलीला दारात उभा. आपल्याकडं चिठ्ठी तिसऱ्याच्या हातात गेली की काय होतं ते वडलांना सांगायची गरज नाही. चर्चवाले आणि बाकीचे लोक मागं लागले म्हणून 2010 ला ब्रिटनने असल्या वसुलीला लगाम घालणारा कायदा केला.

आशाताई_परतूर
मी गावात आशाचं काम करते म्हणून मला यातलं एकच लक्षात राहिलं. 16 मे 1998 ला बर्मिंगहॅमला मोठ्या देशांचे पुढारी जमले होते तेव्हा सत्तर हजाराच्या आसपास लोकांनी गरीब देशांच्या कर्जमाफीसाठी हात धरून साखळी केली, त्यात चर्चमधली म्हातारी माणसं पण होती, दक्षिण आफ्रिकेच्या आर्चबिशप टुटूंनी पण ही मागणी लावून धरली होती. 2005 ला झांबियाचं बरंच कर्ज माफ झालं आणि 2006 ला त्यांनी खेड्यातल्या दवाखान्यांची फी बंद केली. केसपेपरच्या पैशासाठी तापलेलं लेकरू पदरात घेऊन घरीच बसलेली बाई मी पाहिलीय दादा, मला हे आकड्यात नाही समजावता येत.

माळकरी_गंगाखेड
आम्ही वारकरी, पण विषय आमचाही आहे. दुष्काळानंतर तुकोबारायांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली असं सांगतात, भावाच्या वाट्याची मात्र भावाला दिली. म्हणजे सोडणाऱ्याने स्वतःचं सोडलं. हे वडलांना नक्की पटंल. पण त्यांचं म्हणणं पण सोडू नको, झांबियाचे हप्ते 2020 ला परत थकलेच की. कर्ज कोण काढतंय, कशाला काढतंय, हे लोकांना विचारता आलं पाहिजे. पोप फ्रान्सिसनी कॅथलिक चर्चच्या 2025 च्या योबेल वर्षासाठी परत तीच माफीची मागणी केली, म्हणजे काम अजून बाकी आहे.

अंबडकर_पोरगा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जेवताना ट्रॅक्टरवालं वाचून दाखवलं. वडील बराच वेळ भाकरी तशीच हातात धरून बसले, मग एवढंच म्हणले, त्या कागद विकत घेणाऱ्याला कुणी इचारलं नाही का की बाबा तुझं काय गेलतं? रविवारी तरुण संघात हेच पहिल्यांदा सांगणार आहे, वडील पण येतो म्हणलेत.