अनुभव धागा: धडक, तिकीट आणि कोर्ट

भाऊ न्यू जर्सीत असतो. डावीकडे वळताना समोरून आलेली गाडी त्याच्या दारावर आदळली. पोलीस नंतर आले, दोघांची विचारपूस केली आणि दंडाचं तिकीट भावाच्या हातात ठेवलं. आता तो म्हणतोय, दंड भरून मोकळा होतो. समोरचा मात्र मान दुखतेय म्हणतोय. अशा केसमध्ये कोर्टात गेलेल्यांनी लिहा. भारतातले अनुभवही चालतील.

एडिसनकर
ऑनलाइन दंड भरू देऊ नका! भरला की गुन्हा कबूल. उद्या मानदुखीवाल्याने दावा ठोकला तर कोर्टात दिलेली कबुली पुढे येऊ शकते. माझं तिकीटही न्यू जर्सीतलंच, 'केअरलेस ड्रायव्हिंग'चं (बेफिकीर गाडी चालवणं) होतं, लायसन्सवर २ दोषांक म्हणजे पॉइंट चढवणारं. प्रॉसिक्युटरने (सरकारी वकील) त्याऐवजी 'अनसेफ ड्रायव्हिंग'चा आरोप कबूल करायची तडजोड देऊ केली. त्यात पॉइंट नाहीत, पण दंडावर २५० डॉलर सरचार्ज. पॉइंट वाचल्याच्या आनंदात लोक मुख्य गोष्ट विसरतात: 'सिव्हिल रिझर्व्हेशन'. ते मिळालं की ही कबुली नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. जज्जसमोर तोंडाने मागावं लागतं, मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

फ्रीमाँटची काकू
आमच्याकडे कॅलिफोर्नियात घरबसल्या लेखी बाजू मांडता येते. रक्कम आधी भरायची, जिंकलात तर परत. मी लेखी हरले. पण निकालानंतर २० दिवसांत नव्याने सुनावणी मागता येते, ती मागितली. पोलीस नकाशा घेऊन हजर, दुसरी ड्रायव्हर बाई आलीच नाही. मी एवढंच विचारलं, "धडक झाली तेव्हा तुम्ही तिथे होतात?" "नाही, नंतर पोचलो." बाकी सगळं त्या बाईने त्यांना सांगितलेलं, म्हणजे ऐकीव. केस डिसमिस. बाई आली असती तर काय झालं असतं, देव जाणे.

पुणेरी दुचाकी
आपल्याकडे धडकेत कोणी जखमी झालं की प्रकरण चलनावर थांबत नाही, एफआयआर होतो. माझी केस जुनी, एका रिक्षाशी झालेल्या धडकेची: भादंवि (भारतीय दंड संहिता) कलम २७९, ३३७ आणि मोटार वाहन कायद्याचं १८४. (१ जुलै २०२४पासून घडलेल्या अपघाताला त्याऐवजी नव्या भारतीय न्याय संहितेची २८१ आणि १२५ लागतात.) चौकीत सल्ला मिळाला, "कबूल करा साहेब, दंड भरा, विषय संपला." वकिलांनी मला गप्प बसवलं. रिक्षावाल्याने मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाईचा दावा लावला असता, तर माझी कबुली त्याच्या वकिलाला आयतीच मिळाली असती.

मग तारीख पे तारीख. शेवटी पंच साक्षीला आला. आमच्या वकिलांनी विचारलं, पंचनाम्यावर सही कुठे केलीत? "चौकीत." जागेवर गेला होतात? तो सरकारी वकिलांकडे बघायला लागला. निर्दोष सुटलो. तोवर ती गाडी विकूनही झाली होती.

साधाभोळा
मी गुपचूप भरला बुवा. कोणाला खरचटलंही नव्हतं, आणि वकिलाची फी दंडाच्या वर जात होती. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते अशा केससाठी ठीकच आहे.

धागाकर्ती
भावाला कळवलं, भरणं थांबवलंय. कोपऱ्यावरच्या दुकानाला कॅमेरा आहे. फुटेज मागायचं कसं?

एडिसनकर
आजच दुकानात जा, ते जपून ठेवायला सांगा आणि तेच लेखीही द्या. जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं.