नागरिक मंच काढतोय (ठाणे, घोडबंदर रोड): नोंदणी आधी की काम आधी?

कासारवडवलीकर

मंडळी, आमच्या पट्ट्यातल्या दहा-बारा सोसायट्या मिळून एक नागरिक मंच काढतोय. व्हॉट्सॲप ग्रुपवर गर्दी भरपूर आहे. निवेदनं देऊन झाली, निवेदन देतानाचे फोटोही काढून झाले, पण पुढे काही हलत नाही. सध्या हातात तीन विषय आहेत. आतला डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता पहिल्याच पावसात उखडला. रुंदीकरणासाठी झाडांवर नोटिसा लागल्यात. आणि बागेचं आरक्षण असलेला भूखंड वर्षानुवर्षं पत्र्याआड पडून आहे.

मंच रजिस्टर करावा का? माहिती अधिकाराचे अर्ज मंचाच्या नावाने टाकावेत का? एका पक्षाचे स्थानिक पुढारी "आपणच मार्गदर्शक होतो" म्हणतायत, त्यांचं काय करावं? जाणकारांनी नेमकं सांगावं. "एकजूट ठेवा" वगैरे नको, ते ग्रुपवर रोज येतं.

फाईलवाला

नोंदणीची घाई करू नका. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान ७ सभासद लागतात, आणि आपल्याकडे त्याच संस्थेची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंद होते. नोंदणी अवघड नाही, नंतरचं सांभाळणं अवघड आहे. दरवर्षी हिशेब तपासून दाखल करायचे. पदाधिकारी बदलले की विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा. तो राहिला की धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी जुनीच कार्यकारिणी नांदत राहते. मग सोडून गेलेला सचिव दोन वर्षांनी उगवतो, "मीच सचिव" म्हणतो, आणि बँकेत सह्या अडकतात. नागरिकांच्या कितीतरी संस्था महापालिकेशी लढून नव्हे, आपापसातल्या चेंज रिपोर्टच्या वादात संपल्यात.

मंचाच्या नावाने बँक खातं, देणग्या किंवा अनुदान हवं असेल तेव्हा नोंदणी करा. तोवर एक इतिवृत्त वही, प्रत्येक सोसायटीच्या व्यवस्थापक समितीचा "आमचे दोन प्रतिनिधी अमुक" असा ठराव आणि खर्चाचा साधा हिशेब एवढं बस. ठराव मात्र खरंच घ्या. ठरावाशिवाय सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र गेलं की विरोधी गटाचा एखादा सभासद "हे सोसायटीचं मत नाही" असं उलटं पत्र देतो, आणि कार्यालयाला तेवढंच निमित्त पुरतं.

माहिती अधिकाराचा अर्ज मंचाच्या नावाने टाकू नका. कायद्याच्या कलम ३ मध्ये हा अधिकार "नागरिकांना" दिलाय, त्यामुळे संस्थेच्या नावाने आलेला अर्ज परत करायला जागा मिळते. सही एका माणसाची, पत्ता त्याचाच. पण एकाच माणसाने सगळे अर्ज टाकू नयेत. चौघांत वाटून घ्या, म्हणजे "हा माणूस त्रास द्यायलाच अर्ज करतो" हा शिक्का बसत नाही.

अर्जाचं गणित असं. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांत (महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून ही अट आहे). ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, म्हणजे बेलापूरच्या कोकण भवनात. तिथे तारीख लागायला फार वेळ जातो, म्हणून खरी मेहनत पहिल्या अपिलावर घ्या. काय मागितलं, काय मिळालं, काय राहिलं असा तीन रकान्यांचा तक्ता जोडा. अपिलीय अधिकारी त्याच तक्त्यावरून आदेश लिहितो, आणि तो आदेश लेखी मागून घ्या. मुदत टळून मिळालेल्या प्रतींचे पैसे द्यायचे नसतात, कलम ७(६).

अर्ज बाद होतात ते बहुधा "का?" विचारल्यामुळे. "रस्ता का उखडला?" ही माहिती नव्हे, तो खुलासा झाला. कागद मागा. आणि कागदात माणसांची नावं मागू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे कलम ८(१)(ञ) मध्ये बदल झालाय आणि "वैयक्तिक माहिती" म्हणून नकार देणं सोपं झालंय. तरीही नाव लागणारच असेल तर कलम ८(२) चा, व्यापक जनहिताचा मुद्दा अर्जातच लिहून ठेवा.

मोजवही

रस्त्याबद्दल. आधी रस्ता कुणाचा ते ठरवा. घोडबंदरच्या पट्ट्यात महापालिका, सार्वजनिक बांधकाम, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), सगळेच खणत असतात. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तरी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे त्यांनी ५ दिवसांत तो योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. "आमच्याशी संबंधित नाही" हे उत्तर स्वीकारू नका.

मग एका अर्जात एवढं मागा: कार्यादेश, मंजूर अंदाजपत्रक, निविदेतली दोष दायित्व कालावधीची अट, मोजवहीची संबंधित पानं, अदा केलेली देयकं, साहित्य चाचणी अहवाल. सगळ्यात मोलाची मोजवही. तिच्यात थराची लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. समजा ४०० मीटर × ७ मीटर × ५० मिलिमीटर. म्हणजे १४० घनमीटर. दाबलेलं डांबरमिश्रण घनमीटरला साधारण २.३ ते २.४ टन भरतं, म्हणजे सव्वातीनशे टनांच्या आसपास माल उतरायला हवा होता. आता गाड्यांच्या वजनाची चलनं मागा आणि बेरीज करा. बेरीज जुळत नसेल तर तुमची तक्रार "खड्डे पडलेत" अशी न राहता "देयक जास्त दिलंय" अशी होते. पहिलीवर खडी टाकून मोकळे होतात. दुसरी लेखापरीक्षणाकडे जाते.

कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकार आहे. तो फार थोडे लोक वापरतात. मुद्दाम लिहून मागा.

आणि दोष दायित्वाची मुदत चालू असेल तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते. त्याच तुकड्यावर नवी निविदा निघालेली दिसली तर तोच तुमचा मुद्दा. निविदाच काढली नसेल आणि "तातडीचं काम" म्हटलं असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७(३)(क) खाली कारणं आणि खर्च स्थायी समितीला कळवलाय का, त्या पत्राची प्रत मागा.

खाडीकाठ (सानपाडा)

झाडं आणि भूखंड हे माहिती अधिकाराचे विषय नंतर, मुदतीचे विषय आधी. झाडावर नोटीस लागली की हरकतीला ७ दिवस असतात. ३० दिवसांच्या उत्तराची वाट बघत बसलात तर तोवर बुंधाही शिल्लक राहत नाही.

पहिल्याच दिवशी यादी घेऊन प्रत्यक्ष फिरा. बुंध्यावर रंगवलेला क्रमांक, प्रजाती, छातीच्या उंचीवरचा घेर, हे यादीशी जुळवा. यादीत "सुबाभूळ" आणि जागेवर वड, किंवा एकाच क्रमांकाची दोन झाडं, असं निघतं. हरकत झाडनिहाय लिहा: क्रमांक ४१ ते ४७ पदपथाच्या बाहेर आहेत, रस्त्याची आखणी दीड मीटर सरकवली तर वाचतात, सोबत नकाशा. शंभर जणांनी एकाच मजकुराच्या हरकती दिल्या की सुनावणीत त्या एका वाक्यात गुंडाळल्या जातात. वेगवेगळ्या मुद्द्यांच्या दहा हरकतींना दहा उत्तरं द्यावी लागतात. परवानगी निघाल्यावरही १५ दिवस झाड तोडता येत नाही, ही मुदत पोलिसांना आणि उद्यान विभागाला त्याच दिवशी पत्राने कळवा. एकच काम तुकड्यांत पाडून वेगवेगळे प्रस्ताव आलेत का, तेही बघा.

भूखंडाचं दुखणं वेगळं. आरक्षण अतिक्रमणाने जातं असं लोकांना वाटतं. पण ते गुपचूपही जातं. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याचं कलम १२७ बघा: अंतिम विकास आराखडा लागू होऊन १० वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर मालक खरेदी सूचना ("जमीन घ्या" अशी नोटीस) देतो. त्यानंतर २४ महिन्यांत महापालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप संपतं. त्या २४ महिन्यांत फाईल टेबलावर पडून राहिली की काम झालं, कुणाला लाच घेताना पकडायचीही सोय नाही. म्हणून आजच विचारा: "या आरक्षणावर कलम १२७ खाली सूचना आली आहे काय, असल्यास दिनांक आणि त्यावरील टिपणी." सूचना आली असेल तर दफ्तर दिरंगाई कायदा (२००५ चा) हाताशी धरा. त्यात कुठलीही फाईल एका टेबलावर साधारणपणे ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं म्हटलंय. फाईल कुठल्या तारखेला कुणाकडे गेली याचा तक्ता मागितला की ती चालायला लागते. याला दुसरं औषध नाही.

ठाण्याचा सुधारित प्रारूप विकास आराखडा ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तुमच्या भूखंडावर काय दाखवलंय ते जुन्या आराखड्याशेजारी ठेवून तपासा. एमआरटीपीच्याच कलम २६ खाली सूचना-हरकतींना ३० दिवस असतात, नवी मुंबईत २०२२ साली कितीतरी सोसायट्या त्या ३० दिवसांनंतर जाग्या झाल्या. पुढे कलम ३७ खाली एखादाच फेरबदल आला तर परत हरकतीची संधी मिळते, म्हणून राजपत्र आणि वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना वाचण्याचं काम एका माणसाला कायमचं द्या. कंटाळवाणं काम आहे, पण मंचातलं सर्वांत महत्त्वाचं पद तेच.

तुमच्याकडे गायमुख-वाघबीळच्या बाजूला खाडी आहे. कांदळवनात भराव दिसला तर मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाचा आधार घ्या. कांदळवन आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टा त्यात संरक्षित आहे, आणि देखरेखीची समिती कोकण विभागीय आयुक्तांकडे आहे. फोटोत अक्षांश-रेखांश आणि वेळ उमटेल असं बघा, नाहीतर "जागा निश्चित होत नाही" हे उत्तर ठरलेलं.

जुना चाळकरी

वरच्या मंडळींनी कागद छान सांगितले, पण नुसत्या कागदाने लोकशाही होत नाही. निवडून आलेल्या माणसाला टाळून सगळं अधिकाऱ्यांशीच करत बसलात तर मंच म्हणजे आणखी एक तक्रार खिडकी. ठाण्यात मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक होता. महासभा आणि स्थायी समिती दोन्हींचे अधिकार एकाच माणसाकडे. त्या काळात प्रश्न विचारायला सभागृहच नव्हतं, आता आहे तर वापरा. महासभेची विषयपत्रिका आणि प्रत्येक विषयाचा गोषवारा आधी मिळवा. आयत्या वेळच्या विषयांवर डोळा ठेवा, नको ते तिथूनच सरकवतात. नगरसेवकाला निवेदन देऊ नका, त्याला विचारायचा प्रश्न लिहून द्या, एका ओळीचा, आकड्यासकट.

प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त ३ सदस्य नामनिर्देशित करता येतात, महानगरपालिका अधिनियमाचं कलम २९अ. ही जागा बहुधा कार्यकर्त्यांची सोय लावायला जाते. तुम्ही लेखी अर्ज करून ठेवा. त्यासाठी संस्था नोंदणीकृत असणं सोयीचं पडतं, म्हणून "नोंदणी नकोच" या मताशी मी पूर्ण सहमत नाही.

पुढारी मार्गदर्शकांबद्दल: नको. बॅनरवर फोटो लागला की पलीकडच्या पक्षाचे मतदार त्याच दिवशी ग्रुप सोडतात. एक नियम पहिल्या सभेत लिहून घ्या, निवडणूक लढवणाऱ्याने किंवा पक्षाचं पद घेणाऱ्याने मंचाचं पद सोडायचं. सभेला मात्र सगळ्या पक्षांना बोलवा, आणि सभा सोसायटीच्या हॉलमध्ये घ्या. चौकात उभे राहिलात तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) चा मनाई आदेश बऱ्याचदा लागू असतो, पाच माणसं जमली तरी निमित्त मिळतं.

कासारवडवलीकर

आभार मंडळी. मोजवही, एक शंका: प्रती मागाव्यात की आधी तपासणी? पानं किती निघतील याचा अंदाज नाही.

मोजवही

आधी तपासणी. पानाला २ रुपये पडतात, आणि सगळं मागितलं तर "माहिती विस्तृत आहे" म्हणून टाळतात. राज्य शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघता येतात. दोघं जा, एकाने वाचायचं, दुसऱ्याने पान क्रमांक टिपायचे. मोजवहीत मोजमाप घेतल्याची तारीख, कनिष्ठ अभियंत्याची सही आणि उपअभियंत्याने तपासणी केल्याची नोंद हे तिन्ही बघा. काम संपल्याच्या तारखेआधी मोजमाप झालेलं असेल तर ते पान सोडू नका. नंतर फक्त टिपलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती मागा, आणि पोच घेताना आवक क्रमांकासोबत तारखेचा शिक्का वाचता येतोय ना ते खिडकीवरच बघून घ्या.