शेंगदाणा जाळून ऊर्जा मोजताना आकडा इतका कमी का येतो?

प्रश्न : पुण्यातील आमच्या शाळेत नववीच्या वर्गात १ ग्रॅम शेंगदाणा जाळून ५० ग्रॅम पाणी तापवले असता तापमान ४० अंश सेल्सिअसने वाढले, म्हणजे ऊर्जा २ किलोकॅलरी भरली. पाकिटावरील तक्त्यानुसार ती साधारण ५.७ हवी. उरलेली कोठे गेली?

उत्तर १ : बरीचशी उष्णता भोवतालच्या हवेत जाते, थोडी भांडे तापवण्यात खर्च होते आणि काजळी व कोळशात राहिलेली ऊर्जा मोजमापात येतच नाही. पुण्यातील बोहरी आळीच्या बाजारातून पातळ पत्रा आणून ज्योतीभोवती आडोसा करावा. तळाशी हवेसाठी भोके मात्र अवश्य ठेवावीत.

उत्तर २ : प्रयोगशाळेत यासाठी बॉम्ब कॅलरीमापी वापरतात. त्याच्या पोलादी भांड्यात सुमारे ३० वातावरण दाबाने प्राणवायू भरलेला असल्यामुळे पदार्थ पूर्ण जळतो आणि सारी उष्णता भोवतीच्या पाण्यात उतरते. तरीही तो आकडा पाकिटाशी तंतोतंत जुळणार नाही, कारण प्रथिने तेथे ग्रॅममागे सुमारे ५.६५ किलोकॅलरी देतात, तर शरीराला ४ च मिळतात. पचनात काही अंश सुटतो आणि काही ऊर्जा युरियाबरोबर लघवीतून बाहेर जाते. मुलांना हा फरक आवर्जून सांगावा, कारण खरे विज्ञान येथेच आहे.

उत्तर ३ : तापमान वाचण्यापूर्वी पाणी नीट ढवळावे.